आधी पिन, मग पाण्यात हात

पोरी, माशांच्या टाकीत हात घालायच्या आधी भिंतीतली पिन बाहेर काढायची. नुसतं बटण बंद केलं तर चालत नाही. टाकीत जेवढी यंत्रं बुडलेली आहेत तेवढ्यांच्या पिना सॉकेटमधून बाहेर येऊन डोळ्यांसमोर लोंबल्या पाहिजेत, त्यानंतरच पाण्याला बोट लावायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारींचं वाइंडिंग करण्यात माझी उमर गेली आणि मंगळवार पेठेतल्या घरात टाकी कायम राहिली. त्यामुळे वीज आणि पाणी या दोघांची सोबत मला माहीत आहे. तुझ्या घरात आता टाकी येणार, लेकरू दिवसभर काचेला नाक लावून बसणार, कधीतरी स्टुलावर चढून माशाला हात लावायला बघणार. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून देतो. जपून ठेव.

बटणावर भरवसा का नको, ते आधी सांगतो. बटण फेजच्या वायरवर असावं असा नियम आहे, पण कितीतरी घरांत वायरमननं उलटं जोडलेलं असतं आणि बटण न्यूट्रल तोडतं. तसं झालं की बटण बंद केल्यावर फिल्टर थांबतो, दिवा विझतो, पण फेज यंत्राच्या पोटापर्यंत पोचलेलाच असतो. त्यात हीटर आणि फिल्टरच्या छोट्या मोटारीला बहुतेक दोनच पिना असतात. ती पिन उलटी घातली तरी सॉकेटमध्ये बसते, त्यामुळे कुठल्या बाजूला काय आलं याचा पत्ता लागत नाही. पिन बाहेर काढली की हा सगळा घोळच संपतो.

लाईट गेलेली असताना टाकी साफ करायला घ्यायची, ही सवय तर मोडूनच टाक. लाईट येताना सांगून येत नाही. आणि तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरची लाईन जिवंत असते, हे घरातल्या निम्म्या माणसांना ठाऊक नसतं. टाकीचं सॉकेट त्या लाईनवर असेल तर अख्ख्या गल्लीत अंधार असताना तुझ्या टाकीत मात्र वीज असते.

आता एक गैरसमज. मासे मजेत फिरताहेत म्हणजे पाण्यात करंट नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. मासा सगळाच्या सगळा पाण्यात असतो, त्याच्या डोक्याशी आणि शेपटीशी विजेचा दाब जवळजवळ सारखाच, मग त्याच्यातून करंट वाहायला कारणच उरत नाही. तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, तसंच हे. तू मात्र फरशीवर उभी असतेस, पाय ओले असतात, एक हात पाण्यात आणि दुसरा लोखंडी स्टँडवर. पाण्यातला करंट तुझ्या छातीतून जमिनीत जायला वाट शोधतो. आठवडाभर फुटका हीटर टाकीत पडून राहिला आणि मासे ठणठणीत राहिले, असं सहज होऊ शकतं. माशांकडे बघून पाण्याचा निवाडा करायचा नाही.

यावर दोनच खरे उपाय आहेत, अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा खटका. मासे आणण्याआधी पैसे इथं घाल.

अर्थिंगचं आपल्याकडं मोठं दुखणं आहे. पेठांमधल्या जुन्या घरांत पूर्वी अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाईपला बांधून मोकळे व्हायचे. पाईप जमिनीत गेलेला असायचा, त्यामुळे काम भागायचं. पुढं लोखंडी पाईप गंजले, लोकांनी पीव्हीसीचे घातले आणि अर्थिंग तिथंच संपलं. सॉकेटला तिसरं भोक आहे, त्यात हिरवी वायरही आहे, पण ती वायर पुढं कुठंच जात नाही. काही ठिकाणी तर ती न्यूट्रललाच जोडून दिलेली असते आणि ते जास्त वाईट. न्यूट्रल कुठं तुटली तर अर्थिंगच्या नावाखाली प्रत्येक यंत्राच्या अंगावर फेज येतो. म्हणून वायरमनला समोर उभं करून टेस्ट लॅम्प लावायला सांग. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा जेवढा लखलखीत लागतो तेवढाच फेज आणि अर्थिंगमध्ये लागला पाहिजे. मिणमिणला तर अर्थिंग कच्चं आहे. आरसीसीबी बसवलेला असेल तर दिवा लावताक्षणी तो पडेल, तेही अर्थिंग जागेवर असल्याचंच लक्षण. अंगणात अर्थिंगचा खड्डा असेल तर चैत्र-वैशाखात त्यात पाणी ओतत जा; माती सुकली की अर्थिंग कमजोर होतं.

एक्स्टेन्शन बोर्ड घेताना वरची भोकं मोजून भुलू नकोस. वर तीन भोकं आणि आत वायर दोनच पदरी, असा माल बाजारात भरपूर मिळतो. वायरीवर किती कोअर ते छापलेलं असतं, ते वाच. तीन कोअर नसेल तर तो बोर्ड टाकीजवळ आणायचा नाही.

लोखंडी अँगलचा स्टँड करून घेणार असशील तर त्याला एक भोक पाडून बोल्टनं अर्थिंगची वायर घट्ट बसव. रंग खरवडून, उघड्या लोखंडावर. रंगावरून बोल्ट आवळला तर काही उपयोग नाही.

आरसीसीबीला जुनी माणसं ईएलसीबी म्हणतात. एमसीबी आहे म्हणून आपण सुरक्षित, असं तुला वाटत असेल तर हिशेब बघ. आपला दाब २३० व्होल्ट. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला तर अंगातून ०.२३ ॲम्पियर जातो. एमसीबी ६ ॲम्पियरचा. त्याला यातलं काही कळतच नाही, तो ढिम्म राहतो. वायर जळू नये म्हणून एमसीबी असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. माणसाला मात्र १० मिलिॲम्पियरच्या आसपास हाताचे स्नायू आवळून धरतात, सोडू म्हटलं तरी हात सुटत नाही, आणि ३० च्या वर करंट टिकून राहिला की हृदयाचा ठोका बिघडायची भीती असते. आरसीसीबी फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट सतत तोलत असतो. ३० मिलिॲम्पियरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत तोडतो, आणि फरक मोठा असला तर त्याहून किती तरी लवकर.

घेताना अंगावरचा आकडा वाच. ०.०३ ॲम्पियर किंवा ३० मिलिॲम्पियर लिहिलेलं पाहिजे. १०० आणि ३०० मिलिॲम्पियरचेही मिळतात, दिसायला अगदी सारखे. पण ते आग टाळण्यासाठी असतात, माणसासाठी नाहीत. शक्य असेल तर टाकीला स्वतंत्र आरसीसीबी घे. सगळ्या घराला एकच असला तर गिझरच्या गळतीनं तो पडतो आणि तुम्ही गावाला गेलेले असता तेव्हा टाकीचा फिल्टर बंद पडून राहतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटका पडलाच पाहिजे. नाही पडला तर त्याच दिवशी बदल.

आणि तो सारखा पडायला लागला म्हणून कुणी ‘डायरेक्ट’ करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठव. आरसीसीबी पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. टाकीच्या सगळ्या पिना काढायच्या, खटका वर करायचा, मग एकेक पिन लावत जायचं. ज्या पिनेला पडेल ते यंत्र खराब. ते दुरुस्त करायचं नाही, टाकायचं, आणि टाकताना वायर कापून टाकायचं, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही.

इन्व्हर्टरबद्दल एक बारीक गोष्ट. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर स्वतः वीज देतो, तेव्हा मेन बोर्डातला आरसीसीबी राखण करतोय असं धरून चालू नकोस. त्या वेळी पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचाच नाही.

काही लोक टाकीत अर्थिंगची काडी सोडतात. टायटॅनियमची असेल आणि आरसीसीबी जागेवर असेल तर चांगलंच आहे; गळती सुरू झाली की माणसाचा हात लागायची वाट न बघता खटका पडतो. आरसीसीबी नसताना मात्र नको. आणि त्या जागी तांब्याची तार सोडायची नाही, तांबं पाण्यात उतरलं की मासे मरतात, झिंगे तर आधी.

बोर्ड कुठं लावायचा? टाकीच्या बाजूला, पाण्याच्या पातळीपेक्षा वर, काचेपासून हातभर लांब. टाकीखालच्या कपाटात तर कधीच नाही. टाकी गळली, पाणी बदलताना नळी निसटली, की सगळं तिथंच जातं. कितीही उंच लावलास तरी वायरला खाली झोल दे. टाकीतून आलेली वायर सॉकेटच्या खाली उतरून मग वर चढली पाहिजे. वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी थेंबथेंब पडून जातं. झोल नसेल तर ते सरळ पिनेत शिरतं. एवढ्या साध्या गोष्टीला पैसा लागत नाही आणि तरी दहातल्या नऊ घरांत ती दिसत नाही.

हीटरबद्दल. आपल्या हवेत तो मार्गशीर्ष-पौषातच लागतो. दोन फुटी टाकीला, म्हणजे साधारण ६० लिटर पाण्याला, ५० वॅटचा पुरे. त्याच्या काचेवर पाण्याची किमान रेघ असते, पाणी तिच्या खाली गेलं नाही पाहिजे. पाणी बदलायच्या आधी पिन काढून पाव तास थांब. तापलेली नळी उघडी पडली आणि वर गार पाणी पडलं की काच तडकते, आणि मग आतली तार थेट पाण्यात. कोरडा हीटर बाहेर ठेवून ‘चालतोय का बघू’ म्हणून पिन लावायची नाही.

आता माझ्या धंद्यातलं. पॉवर हेड म्हणजे टॉप फिल्टरला पाणी चढवणारी छोटी मोटार. ती खोलून बघितलीस तर दिसेल, पाण्यात फिरतो तो फक्त चुंबक आणि त्याच्यावरचा पंख. कॉइल बाजूला इपॉक्सीत बुजवलेली असते, पाण्याशी तिचा संबंध येऊ द्यायचा नाही म्हणून. चुंबकाच्या खोबणीत शेवाळ, माशांची घाण, पाण्यातला चुना साचला की तो अडतो. मोटार फिरत नाही पण कॉइलमधून करंट चालूच, मग ती तापते. तापणं, गार होणं, पुन्हा तापणं, असं वर्षभर चाललं की इपॉक्सीला केसासारखी चीर पडते. त्या चिरेतून पाणी कॉइलपर्यंत पोचतं आणि कॉइल पाण्यापर्यंत. बाहेरून काही दिसत नाही, पंप चालूच असतो. म्हणून महिन्यातून एकदा पंख काढून खोबण जुन्या टूथब्रशनं साफ करायची. आवाज बदलला, घरघर वाढली, थडथड झाली, अंग हाताला गरम लागलं, की ती मोटार संपली असं समज. वायर जिथं मोटारीत शिरते तिथं बोटांनी दाबून बघ. नवी वायर मऊ असते. ताठ झाली असेल, पांढुरकी पडली असेल, बारीक भेगा असतील तर बदल. वायरीला जोड देऊन काळी टेप गुंडाळून ती पाण्यात सोडणं हा जिवाशी खेळ आहे. टेपचा चिकटपणा पाण्यात आठ दिवस टिकत नाही. अशी मोटार भरून मिळेल का म्हणून कुणाला विचारूही नकोस. मी हजारो मोटारी भरल्या, ही भरायची नसते. इपॉक्सीचं ते सील कारखान्यात होतं तसं दुकानात पुन्हा होत नाही.

हवेचा पंप टाकीपेक्षा उंच ठेव. जागा नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाल, त्यावर बाण असतो, बाणाचं तोंड टाकीकडं. नाहीतर लाईट गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात उतरतं, आणि लाईट आली की पाणी भरलेला पंप चालू होतो.

लाईट गेल्यावर माशांचं काय, हे तू विचारणारच. पाणी जेवढं गरम तेवढा त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. आपण उंचावर, म्हणून त्याहूनही जरा कमी. म्हणजे मे महिन्यातली लाईट जाणं डिसेंबरपेक्षा वाईट. फायटर आणि गुरामी वर येऊन हवा घेऊ शकतात, गोल्डफिशची मात्र लवकर तडफड होते. लाईट गेली की खाणं बंद. तांब्यानं टाकीतलंच पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतत राहिलं तरी बराच आधार मिळतो, पण त्याआधी पिना काढ, हे विसरू नकोस. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा. तो घेऊन ठेव. घराबाहेर असताना आरसीसीबी पडला तरी तोच मासे जगवेल.

इन्व्हर्टरवर हवेचा पंप आणि फिल्टर ठेव, हीटर नको. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. मोठ्या टाकीचा १०० वॅटचा हीटर सलग पेटला तर दहा तासांत १००० खातो, हवेचा ४ वॅटचा पंप तेवढ्याच वेळात ४०. थंडीत टाकीभोवती जाड चादर गुंडाळलीस तर रात्र निघते. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच असू दे; स्क्वेअर वेव्हवर या मोटारी गुणगुणतात आणि तापतात.

पुढंमागं कॅनिस्टर फिल्टर घेतलास तर एवढं ध्यानात ठेव. लाईट बरेच तास गेली तर बंद डब्यातले चांगले जंतू गुदमरतात आणि पाणी कुजतं. लाईट आल्यावर तो तसाच चालू केलास तर ती घाण सगळी टाकीत येते. आधी उघड, आतलं पाणी फेक, स्पंज टाकीतल्या पाण्यात खळबळून घे. नळाच्या पाण्यात नको, त्यात क्लोरीन असतं.

वळीव आला की वेगळी काळजी. चैत्र-वैशाखात आपल्याकडं वारा सुटतो, झाडाची फांदी तारांवर पडते आणि कधीकधी न्यूट्रलच तुटते. मग २३० च्या जागी दाब ४०० पर्यंत चढू शकतो. दिवे एकदम प्रखर झाले की काही बघत न बसता मेन पाड. त्यासाठी मीटरनंतर जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं संरक्षक यंत्र बसवून घे. पाचशे रुपयांचा स्पाइक गार्ड हे काम करत नाही, तो क्षणभराचा झटका झेलतो आणि असे झटके खाऊन खाऊन आतून निकामी होतो. ढग गडगडायला लागले की हीटर, दिवा आणि फिल्टरच्या पिना काढून बॅटरीचा पंप लाव.

आणि पूर. तू शाहूपुरीत तळमजल्यावर राहतेस. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा शहराच्या कितीतरी भागांत वीज बंद ठेवावी लागली. पाणी ४३ कडं चढायला लागलं की टाकीच्या सगळ्या पिना काढून बोर्डसुद्धा वर उचल. मासे झाकणाच्या बादलीत, बादली अर्धीच भरून, झाकणाला भोकं पाडून, बॅटरीच्या पंपासह वरच्या मजल्यावर ने. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असेल तर पाणी उंबऱ्याला यायच्या आधीच वायरमनकडून सोडवून घे. पाणी घरात शिरल्यावर मेनकडं जायचं नाही. तोवर मेन पाडलेला नसेल तर महावितरणला १९१२ वर कळव आणि पाण्याबाहेर थांब. पूर ओसरल्यावर भिंतीतले बोर्ड सुकलेले दिसले तरी आत गाळ असतो, वायरमननं तपासल्याशिवाय खटका वर करायचा नाही. आणि मासे ठेवायला जागा नाही म्हणून ते रंकाळ्यात किंवा नदीत सोडू नकोस. सकर मासा तर अजिबात नाही, तो एकदा पाण्यात सुटला की तिथल्या माशांच्या मुळावर येतो.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुणाला शॉक लागून तो टाकीला चिकटला, तर त्याला ओढायला धावायचं नाही. दोघंही जातात. आधी मेन पाडायचा, इन्व्हर्टर बंद करायचा. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडी पाटावर उभं राहून सुक्या काठीनं हात सोडवायचा. मग १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दाब देत राहायचं, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात दाखव.

मेन कुठं आहे आणि इन्व्हर्टर कसा बंद होतो हे तुला, जावयांना आणि कामाला येणाऱ्या मावशींना, तिघांनाही हात लावून दाखवलेलं असू दे. आणि या रविवारी टाकीत पाणी भरायच्या आधी वायरमनला बोलाव, अर्थिंगला दिवा लावून दाखवायला सांग, ‘टी’ बटण स्वतः दाबून बघ. खटका पडला की मला फोन कर, मग मासे आणायला लेकराला घेऊन मीच येतो.